टोचणारा हात

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस नागांवच्या किनाऱ्यावर सकाळीं फिरावयास गेलों असतां एका कुत्र्यानें आमच्या पोटरीचा चावा घेतला. कुत्र्याचें आणि आमचें कांहीं वैर नव्हतें. वाळूंत निजलेल्या त्याच्या शेपटीवर आमचा पाय पडला, एवढेंच. दोष विचारांत गढून चालण्याच्या आमच्या संवयीचा होता, आणि ही संवय प्राध्यापकाच्या धंद्यास चिकटलेली असल्यामुळें पन्नाशी उलटल्यावर सुटण्यासारखी नाहीं. घरीं येऊन जखम साबण लावून पंधरा मिनिटें वाहत्या पाण्याखालीं धुतली आणि सरकारी दवाखान्याची वाट धरली. वाटेंत जो विचार मनांत घोळत होता तो जखमेचा नव्हता, मरणाचाही नव्हता. तो इतकाच होता कीं, आतां पुन्हां सुई!

ज्या वाचकांना सुईचें भय नसेल त्यांनीं आम्हांस खुशाल हंसावें. परंतु आमचा अनुभव असा आहे कीं, हें भय नाहीं असें म्हणणारे पुष्कळ गृहस्थ प्रत्यक्ष वेळ आली म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडराकडे मोठ्या आस्थेनें पाहूं लागतात. आम्हीही त्या कॅलेंडराच्या उपासकांपैकींच एक आहों.

दवाखान्याच्या बाकावर आमच्या आधीं चौघेजण बसलेले होते. प्रवासांत ज्याप्रमाणें गाडीच्या उशिराचा विषय निघतो, त्याप्रमाणें येथें कोणतें इंजेक्शन अधिक दुखतें हा विषय निघाला. नारळाच्या वाडींत काम करणाऱ्या एका गड्यानें धनुर्वाताच्या इंजेक्शनाची बाजू घेतली. टोचतांना तें कळत नाहीं, पण दोन दिवस हात वर होत नाहीं. आणि हात वर झाला नाहीं तर माडावर चढावयाचें कसें, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. एका निवृत्त कारकुनानें दंतवैद्याकडे टाळूला जी सुई टोचतात तिचें वर्णन केलें, तें ऐकून समोरच्या विद्यार्थ्यानें तोंड मिटून घेतलें. मासळी विकून परस्पर तेथें आलेली एक कोळीण बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग ती म्हणाली कीं, तिच्या मुलाला लहानपणीं सांध्यांचा ताप आला होता आणि तो हृदयाला लागूं नये म्हणून दर एकवीस दिवसांनीं पेनिसिलीनचें इंजेक्शन कमरेंत घ्यावें लागतें. तो पूर्वीं रडत असे. आतां मोठा झाला म्हणून रडत नाहीं, पण त्या दिवशीं तो जेवत नाहीं.

आमची पाळी आली तेव्हां आम्हीं नम्रपणें सांगितलें कीं, लहानपणीं आम्हांस पोटांत चौदा इंजेक्शनें दिलीं होतीं. बाकावर शांतता पसरली. सामना आम्हीं जिंकला होता.

ही गोष्ट १९७८ च्या सुमाराची. जिल्ह्याचें नांव तेव्हां कुलाबा असें होतें. रायगड हें नांव १९८१ सालीं पडलें. आम्ही आठ वर्षांचे होतों आणि तेव्हांही कुत्र्याचाच चावा निमित्त झाला होता. चौदा दिवस वडिलांचें बोट धरून एस. टी. नें तालुक्याच्या गांवीं जावयाचें, टेबलावर उताणें पडावयाचें, आणि काल टोचलेल्या जागेच्या शेजारीं आज नवी जागा शोधली जात असतां छताच्या तुळया मोजावयाच्या, असा तो क्रम होता. तुळया अकरा होत्या हें अद्याप आठवतें. त्या लशीची कुळकथा आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळली. डेव्हिड सेंपल नांवाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरानें १९११ सालीं कसौली येथें ती सिद्ध केली होती. आमच्या वेळीं तिच्याकरितां पिसाळरोगाचे विषाणू मेंढीच्या मेंदूंत वाढवीत आणि ते निर्जीव करून तो काला पोटाच्या कातडीखालीं टोचीत. मात्रा मोठी, जागा हळवी, आणि क्वचित् एखाद्यास त्या लशीनेंच पक्षाघात होई. २००५ च्या सुमारास आपल्या देशांत ती बंद झाली. आतांची लस दंडावर, कातडींतल्या कातडींत, थेंबभर देतात. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशीं. मात्र चावा खोल असला तर जखमेच्या भोंवतीं आणि आंत सीरम भरावें लागतें. आमचा चावा खोल होता. त्या सीरमाविषयीं एवढेंच सांगतों कीं, चौदा इंजेक्शनांचा आमचा जुना अभिमान त्या दिवशीं थोडा उतरला.

एकाच सुईच्या इतक्या निरनिराळ्या वेदना कां असाव्यात? घरीं आल्यावर पाय उशीवर ठेवून आम्हीं ह्या प्रश्नाचा अभ्यास केला. उत्तर साधें आहे. वेदनेचे पहारेकरी बहुतेक कातडींत बसलेले असतात. खालच्या स्नायूंत त्यांची वस्ती विरळ. म्हणून सुई वेगानें आंत गेली तर ती थोडी दुखते, आणि कातडींतच रेंगाळली तर जळजळते. त्यानंतर औषधाचा स्वभाव येतो. तें आम्लधर्मी असेल, थंडगार असेल, किंवा त्या कोळणीच्या मुलाच्या पेनिसिलीनसारखें चुन्याच्या निवळीहून दाट असेल, तर तें स्नायूंचे तंतू दूर सारीत वाट काढतें आणि त्या धक्क्याबुक्कीचा ठणका मागें राहतो. दाट औषधास सुईही जाड लागते. उलट मधुमेहाच्या इन्शुलिनची सुई केसासारखी असते, आणि ती टोचली कीं नाहीं हें पुष्कळदां पाहावें लागतें. स्पिरिट वाळूं न देतां टोचलें तर तें सुईबरोबर आंत जाऊन झोंबतें. आणि रोग्यानें दंड ताठ केला म्हणजे दुखणें वाढतें. यांतल्या शेवटच्या कारणाचे मालक आपण स्वतः असतों, परंतु दोष नेहमीं डॉक्टराच्या हातास देतों.

वेदनेचा हा हिशेब करतां करतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. वेदना निराळी आणि धोका निराळा. निसर्गानेंही सुया केल्या आहेत. कामकरी मधमाशीची नांगी माणसाच्या कातडींत रुतून तुटते आणि माशी मरते. ती एकदांच वापरावयाची सुई म्हणावी. विंचवाची नांगी तशी नाहीं, ती पुनःपुन्हां चालते. आमच्या कोंकणांत भाताच्या पेंढ्यांत हात घातला असतां विंचू डसल्याचें प्रत्येक गांवीं कोणी तरी सांगतो, आणि त्या वेदनेपुढें दवाखान्याची सुई म्हणजे मुंगीचा चावा. परंतु तांबड्या विंचवाच्या दंशानें माणसें मेलीं तीं वेदनेमुळें नव्हेत. विष हृदयावर चालून जातें आणि फुप्फुसांत पाणी भरतें, हें याच जिल्ह्यांतल्या महाडच्या परिसरांत डॉ. हिंमतराव बावस्करांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून न्याहाळलें आणि प्राझोसिन नांवाच्या औषधानें असंख्य प्राण वांचविले. मौज अशी कीं, निसर्गाच्या ह्या सुईवरचा त्यांचा उपाय म्हणजे तोंडानें घ्यावयाची एक गोळी होती.

माणसाच्या सुईलाही हाच न्याय लागतो. १८९६ सालीं मुंबईस प्लेग आला, तेव्हां वाल्देमार हाफकिन यांनीं भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारींत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप चढला, अंग ठणकलें, परंतु धोका झाला नाहीं. पुढें ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल ह्या गांवीं १०७ जणांस तीच लस टोचली. त्यांपैकीं एका बाटलींतून टोचलेले १९ जण धनुर्वातानें दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. ते निर्दोष ठरावयास १९०७ साल उजाडलें. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ पासून त्यांचेंच नांव आहे. त्या १९ जणांना त्या दिवशीं सुई इतरांहून अधिक दुखली असेल काय? मुळींच नाहीं. शेजाऱ्याच्या दंडावर जितकी दुखली तितकीच त्यांच्याही.

हें वाचलें तेव्हां आम्हांस आमच्या लहानपणच्या डॉक्टरांची आठवण झाली. त्यांचा हात हलका, अशी त्यांची पंचक्रोशींत ख्याति होती. लोक दोन कोस चालत येत आणि गोळ्या दिल्या तर नाराज होऊन जात. सुई टोचली म्हणजे पैसे वसूल झाल्यासारखें त्यांना वाटे. सकाळीं स्टोव्हवर स्टीलच्या डब्यांत कांचेची सिरिंज आणि सुया उकळत ठेवलेल्या असत. तें पाणी उकळण्याचा आवाज, स्पिरिटाचा वास आणि पडद्यामागून येणारें एखाद्या पोराचें रडें, हीं तिन्ही आमच्या स्मरणांत एकत्र बांधलेलीं आहेत. परंतु उकळणें होई तें सकाळीं एकदांच. नंतर रांग लांबली म्हणजे सुई स्पिरिटाच्या कापसानें पुसली जाई आणि पुढच्या दंडांत शिरे. उकळून उकळून सुई बोथट झाली तर कंपौंडर तिला दगडावर धार लावी. आम्हांस त्या धारेचें भय वाटे. कापसाचें कधीं वाटलें नाहीं. आमच्या एका आतेभावास पन्नाशींत रक्तदानाच्या वेळीं कळलें कीं, आपल्या रक्तांत काविळीच्या एका जातीचे विषाणू कित्येक वर्षें ठाण मांडून बसले आहेत. ते कोठून आले हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. डॉक्टर तर कधींच वारले. ते दुष्ट नव्हते. गरिबाकडून पैसे घेत नसत. त्यांचा हात हलका होता हेंही खरें. फक्त तो हात एका दंडावरून दुसऱ्या दंडावर काय नेत होता, हें त्यांना दिसत नव्हतें आणि आम्हांसही दिसत नव्हतें.

ही स्थिति केवळ आमच्याच गांवची नव्हती. ह्या शतकाच्या आरंभीं देशभर जी पाहणी झाली तींत निम्म्याहून अधिक इंजेक्शनें कोणत्या ना कोणत्या रीतीनें असुरक्षित आढळलीं. २००९ सालीं गुजरातेंतील मोडासा येथें काविळीची साथ येऊन अनेक माणसें मेलीं. वापरलेल्या सिरिंजा पुन्हां वापरल्याचा तो परिणाम होता. त्याच सुमारास सरकारी लसीकरणांत आपोआप निकामी होणारी सिरिंज रुळली. तिचा दट्ट्या एकदां खालीं गेला कीं अडकून बसतो. मनांत आणलें तरी ती दुसऱ्यास वापरतां येत नाहीं. २०२१ सालीं कोरोनाची लस घेतांना पुष्कळ वाचकांच्या दंडास हीच सिरिंज लागली असेल. आम्हांस वाटलें, प्रश्न मिटला. सुईचें पाप धुतलें गेलें.

तो मिटला नव्हता हें आमच्या भाचीनें आम्हांस शिकविलें.

ती परिचारिका आहे; रुग्णालयाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. चार वर्षांपूर्वीं रात्रपाळीस एका रोग्यास तिनें इंजेक्शन दिलें आणि सुई बाहेर काढतांना तापाच्या भरांत त्यानें हात झटकला. सुई हातमोज्यांतून तिच्या तर्जनींत गेली. रोग्याच्या रक्तांत एच. आय. व्ही. होता. दोन तासांच्या आंत तिला गोळ्या सुरू झाल्या. त्या अठ्ठावीस दिवस घ्यावयाच्या, आणि मग सहाव्या आठवड्यास व तिसऱ्या महिन्यास रक्त तपासावयाचें. गोळ्यांनीं तिला मळमळे, अन्न जात नसे. आमच्या भगिनीनें देव पाण्यांत घातले. आम्ही तर्कशास्त्र शिकवितों, म्हणून आम्हीं तिला शास्त्राचा आधार दिला: अशी सुई टोचल्यावर हा रोग लागण्याचा संभव हजारांत तीन इतकाच असतो, आणि वेळेवर गोळ्या घेतल्या तर त्याहूनही पुष्कळ कमी. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, त्या तिघींना तुम्ही किती सांगाल?"

याहून अवघड प्रश्न पुढें आला. तिचें लग्न ठरत आलें होतें. मुलगा मुंबईचा, घर चांगलें, पत्रिका जुळलेली. सांगावें कीं न सांगावें? भगिनीनें आमचा सल्ला विचारला. आमच्या कॉलेजांत तर्कशास्त्राबरोबर नीतिशास्त्राचा तासही आमच्याकडेच आहे. सत्य आणि हित यांचा विरोध आला असतां काय करावें, ह्यावर आम्हीं तीस वर्षें व्याख्यानें दिलीं आहेत. तरी त्या दिवशीं आमच्या तोंडून निघालें, "तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. तारीख पुढें ढकला. निष्कारण कां सांगावें?" हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो, पण आम्हीं म्हटलें तें असें म्हटलें.

भाचीनें आमचें ऐकलें नाहीं. तिनें स्वतः फोन करून सर्व कांहीं सांगितलें. सुई कशी लागली, गोळ्या कोणत्या, तपासणी केव्हां. ऐकणारांनीं तिची फार विचारपूस केली. आठवडा गेला आणि निरोप आला कीं, पत्रिका पुन्हां दाखविली असतां जुळत नाहीं. त्याच पत्रिकेंत पूर्वीं सव्वीस गुण जुळले होते.

तिचें रक्त दोन्ही वेळां निर्दोष निघालें. दुसरा अहवाल हातीं आला त्या दिवशीं ती रेवसहून सुटणाऱ्या लाँचनें मुंबईस जावयाची होती. आम्ही तिला पोंचवावयास धक्क्यावर गेलों होतों. बोलावयास कांहीं सुचेना, म्हणून आम्हीं तिला विचारलें कीं, सुई लागली तेव्हां फार दुखलें काय? ती हंसली. "छे, मामा. रोग्याच्या अंगांतून निघालेली सुई ओलीच असते, सहज शिरते. मला आधीं कळलेंच नाहीं. हातमोज्यांत रक्त दिसलें तेव्हां कळलें."

पुढें दिवाळीस ती घरीं आली तेव्हां तिनें पिशवींतून एक सिरिंज काढून आमच्या टेबलावर ठेवली. दिसावयास ती इतर सिरिंजांसारखीच होती. तिनें पेल्यांतलें पाणी ओढून घेतलें, सुई संत्र्यांत टोचली आणि दट्ट्या पार शेवटपर्यंत दाबला. टिक् असा बारीक आवाज झाला, आणि सुई नाहींशी झाली. आंत बसविलेल्या स्प्रिंगनें तिला संत्र्यांतून मागें ओढून नळींत कोंडलें होतें. आम्हीं ती नळी हातांत घेऊन उलटी-सुलटी केली; टोचण्यासारखें कांहीं उरलेंच नव्हतें. दट्ट्या अडकणारी सिरिंज पुढच्या रोग्याचें रक्षण करते, पण तिची सुई बाहेर उघडीच असते. टोपण लावतांना, कचऱ्यांत टाकतांना, किंवा कोणी हात झटकला तर ती टोचणाऱ्यास लागते, आणि भंगार वेंचणाऱ्यासही लागते. ही दुसरी सिरिंज दोघांचेंही रक्षण करते. अमेरिकेनें २००० सालीं परिचारिकांस व डॉक्टरांस ह्या अपघातापासून जपणारा कायदा केला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सर्व देशांस सुरक्षित सिरिंजांकडे वळण्यास सांगितलें. आपल्याकडे ती क्वचित् दिसते. साध्या सिरिंजेहून ती पुष्कळ महाग पडते, हें त्याचें कारण. भाचीच्या हातींही ती नमुना म्हणूनच आली होती.

किंमतीचें कारण खोटें नाहीं. पण त्या नळीकडे पाहतांना आमच्या मनांत आलें तें निराळेंच. आठव्या वर्षापासून आम्ही सुईविषयीं विचार करीत आलों. कोणती दुखते, कोठें दुखते, कां दुखते. त्या बाकावरच्या आम्हां पांच जणांजवळ मिळून वेदनेचा केवढा कोश होता! आणि त्यांत टोचणाऱ्याच्या हाताविषयीं एक शब्द नव्हता. तो हात हलका आहे कीं जड, एवढीच त्याची चौकशी आम्हीं आजवर केली.

अठ्ठाविसाव्या दिवशीं आम्ही शेवटच्या इंजेक्शनासाठीं दवाखान्यांत गेलों. तोच बाक, तेंच कॅलेंडर. आमचें नांव पुकारलें गेलें. परिचारिका चाळिशीची असावी. रांग मोठी होती आणि ती एकटी होती. तिनें दंड पुसला, स्पिरिट वाळेपर्यंत थांबली. आम्हीं कॅलेंडराकडे न पाहतां तिच्या बोटांकडे पाहिलें आणि विचारलें, "सिस्टर, तुम्हांला कधीं सुई लागली आहे काय?"

असा प्रश्न तिला कोणी विचारला नसावा. ती क्षणभर थबकली. "तीनदां," ती म्हणाली. "एकदां लेकराच्या आईनें हात सोडला म्हणून. दोनदां माझीच घाई." मग नेहमींच्या स्वरांत म्हणाली, "हात सैल सोडा, सर. हलवूं नका."

हें वाक्य आम्हीं आयुष्यांत पुष्कळदां ऐकलें होतें आणि तें आमच्या सोयीसाठीं आहे असेंच समजत आलों होतों. त्या दिवशीं हात सैल सोडला तो दुखूं नये म्हणून नव्हे. सुई कातडींत शिरली, मसुरीच्या दाण्याएवढा फोड आला, जळजळ झाली; आम्हीं श्वासही रोखून धरला. सुई बाहेर निघाली, तिनें ती कटरमध्यें घातली, खट् असा आवाज झाला, आणि तिचीं बोटें मोकळीं झालीं. मग तिनें पुढचें नांव पुकारलें.